शिंग मोडलेला देव

आधी धूर लागतो, मग भट्ट्या दिसतात. अथेन्सच्या वायव्य अंगाला, एरिदानोस ओढ्याच्या काठी, केरामेइकोस नावाच्या कुंभारवाड्यात तुम्ही येऊन पोचला आहात. साल इ.स.पू. ५२०, थोडं पुढे-मागे. वर टेकडीकडे पाहाल तर ओळखीचं पार्थेनॉन तिथे नाही. त्याचं काम सुरू व्हायलाच अजून ७० वर्षं आहेत. शहरावर हिप्पियासची एकहाती सत्ता आहे. इथे खाली मात्र सत्ता मातीची. मळलेली माती, गाळून निवळायला ठेवलेली माती, फुटक्या खापरांचे ढीग, आणि पहाटेपासून राबणारे हात.

आत चला. चित्रकाराच्या पुढ्यात अर्धवट सुकलेलं एक भांडं आहे. रुंद खांदे, आखूड गळा, दोन्ही अंगांना आडवे कान. याला स्टाम्नोस म्हणतात. समुद्रापलीकडे इटलीत राहणाऱ्या इट्रुस्कन गिऱ्हाइकांचा हा आवडता आकार. घडवणारा कुंभार पाम्फाइओस. भांड्यावर त्याची सही आहे. रंगवणाऱ्याने सही केलेली नाही, पण रेघेच्या वळणावरून अभ्यासकांनी हा हात ओल्टोसचा म्हणून ओळखला आहे.

त्याच्या खांद्यावरून वाकून पाहा. काळं आणि लाल असं काही दिसायची अपेक्षा ठेवू नका, ते रंग भट्टीतून बाहेर येतील तेव्हाचे. आत्ता तो मातीवर मातीनेच चितारतो आहे: त्याच मातीचा अतिशय बारीक निवळलेला घोळ, भांड्याच्या अंगाहून जेमतेम गडद. ओला असेपर्यंत चमकतो म्हणून दिसतो, वाळला की जवळजवळ नाहीसा होतो. आकृती मोकळी सोडायची आणि भोवतीची जागा भरायची, ही उलटी रीत अथेन्सच्या कुंभारांना सापडून पुरी १० वर्षंही झालेली नाहीत. डोळ्याची पापणी, बरगडी, दाढीचा काठ यांच्या रेघा तो घट्ट घोळाने ओढतो. त्या इतक्या उठावाच्या असतात की भाजल्यावर बोटाला लागतात. एकदा ओढली की पुसणं नाही.

चित्रात कुस्ती आहे. डावीकडे हेराक्लीस. त्याच्या मुठीत एक शिंग, आणि ते शिंग ज्याच्या कपाळावर आहे तो अखेलोस, ग्रीसमधल्या सगळ्यांत मोठ्या नदीचा देव.

गोष्ट या वाड्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. कालिदोनचा राजा ओइनेउस याची मुलगी देइआनीरा. तिला मागणी घालायला शेजारची नदीच आली. सोफोक्लीसने पुढे आपल्या नाटकात हे देइआनीराच्याच तोंडी घातलं: मागणी घालणारा कधी बैल होऊन येई, कधी वेटोळी घालणारा सर्प, कधी माणसाच्या धडावर बैलाचं तोंड, आणि दाट दाढीतून पाण्याच्या धारा. मुलगी भीतीने अर्धी झाली. मग हेराक्लीस आला, झुंज झाली, शिंग मोडलं, लग्न लागलं.

सांगायला सोपी गोष्ट, रंगवायला फार अवघड. जो दर घटकेला वेगळा दिसतो, त्याचं एकच चित्र काढायचं कसं? ओल्टोसच्या आधीच्या चित्रकारांनी बहुधा माणसाच्या तोंडाचा बैल काढला आणि हेराक्लीसला त्याच्या मानगुटीवर बसवलं. ओल्टोस तसं करत नाही. त्याच्या अखेलोसला माणसाचं धड आहे, लांब दाढी आहे, बैलाचा कान आहे, आणि कमरेखाली भांड्याच्या पोटावरून वळसे घेत जाणारं सापमाशासारखं लांबच लांब शरीर. तिन्ही रूपं त्याने एकाच देहात बसवली आहेत. बैलाचं तोंड संपून माणसाचं कुठे सुरू झालं, माणूस सरून सर्प कुठे लागला, याचा सांधा नजरेला सापडत नाही. माझ्या मते नदीच्या रूपाचा याहून खरा विचार ग्रीक चित्रकलेत कुणी केलेला नाही. वाहणाऱ्या पाण्याचं चित्र काढता येत नाही. वळणाचं येतं, आणि ओल्टोसने ते वळण भांड्याच्या गोलाईलाच दिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याच काळात अथेन्समध्ये हेराक्लीस आणि मत्स्यदेही त्रितोन यांच्या कुस्तीची चित्रं भांड्याभांड्यांवर आहेत. मत्स्यशेपटी पाहून गिऱ्हाईक याला समुद्रातला देव समजेल, हा धोका उघड होता. फरक सांगतं ते शिंग. ज्या खुणेवरून हा देव ओळखायचा, नेमकी तीच खूण पुढच्या क्षणी मोडणार आहे. ओल्टोसने मोडण्याच्या आधीचा क्षण का पकडला असेल, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

भट्टीपाशी थोडं थांबा. आधी हवा खेळती ठेवून सगळं भांडं लाल होऊ देतात. मग झरोके बंद करून ओली लाकडं घालतात. धुराने आतलं सगळंच काळं पडतं. शेवटी पुन्हा हवा सोडतात. साधी माती पुन्हा लाल होते, बारीक घोळाचा भाग मात्र वितळून घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. ओल्टोसने न रंगवलेला अखेलोस अशा रीतीने रात्रीतून लाल होऊन उठतो. मग पेंढ्यात गुंडाळून, जहाजात चढून तो इटलीतल्या चेर्वेतेरीला जातो, एका थडग्यात २,००० वर्षांहून अधिक काळ पडून राहतो, आणि शेवटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचतो.

इट्रुस्कन लोकांनी मात्र त्याला नुसतं थडग्यात ठेवलं नाही. त्यांना त्याचा चेहरा हवा होता. देवळांच्या छपरांच्या कडेला भाजल्या मातीचे शिंगवाले दाढीवाले चेहरे, ढालीसारख्या काशाच्या चकत्यांवर तोच चेहरा, आणि एका सोनाराने तर तो गळ्यात घालण्याजोगा केला. पॅरिसच्या लूव्रमध्ये तो लोलक आहे, इ.स.पू. ५व्या शतकाच्या सुरुवातीचा. राईहून कितीतरी बारीक सोन्याचे रवे शेजारी शेजारी बसवून केलेलं केसांचं आणि दाढीचं काम त्यावर पाहायला मिळतं. त्यांच्याकडे हा हरलेला देव राखण करणारा होता.

आता नव्वदेक वर्षं पुढे या. इ.स.पू. ४२९-४२८चा हिवाळा. पश्चिम ग्रीसमध्ये, आकार्नानियाच्या मैदानात, स्ट्राटोस शहराजवळ तुम्ही ४०० अथेनियन सैनिक आणि ४०० मेसेनियन यांच्या मागोमाग चालत आहात. सेनापती फोर्मिओ. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन तिसरं वर्ष. सैनिकांपैकी कितीतरी जण अशा घरांतले असतील, जिथे अखेलोसच्या कुस्तीचं एखादं जुनं भांडं आजोबांच्या काळापासून आहे. नदी पाहण्याची वेळ आज आली आहे.

ती आधी ऐकू येते. पिंडोसच्या डोंगरातून आलेलं पाणी तळाचे धोंडे गडगडवत नेत असतं, आणि तो आवाज कानाला नव्हे, छातीला लागतो. बैल म्हणणारे लोक याच काठाचे होते, हे तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग ती दिसते: गढूळ पांढुरकी, रुंद पात्रात पाच-सहा धारांनी फुटलेली, मध्ये वाळूची बेटं, उखडून आलेली झाडं. या धारा गेल्या वर्षी इथे नव्हत्या, पुढच्या वर्षीही इथेच असतील असं नाही.

नदी म्हटल्यावर तुमच्या मनात आई येते. कृष्णामाई, गोदामाई, नर्मदामैया. शोण आणि ब्रह्मपुत्र हे नद आपल्याकडे अपवाद. ग्रीकांच्या वंशावळीत हा हिशेब उलटा आहे. हेसिओडने ओकेआनोस आणि तेथिस या जोडप्याचे ३,००० नदीपुत्र सांगितले, त्यांत अखेलोसचं नाव घेतलं. मुली म्हणजे झरे आणि जलदेवता. होमरने तर त्याला 'स्वामी' म्हटलं आणि झेउसशी बरोबरी करू न शकणाऱ्या थोरांमध्ये त्याला बसवलं. आईच्या पुराला आपण ओटी भरून शांत करतो. पुरुषाच्या पुराशी कुस्ती धरायची कल्पना सुचायला हा काठ लागतो.

फोर्मिओला दक्षिणेला जायचं आहे. नदीच्या मुखाशी ओइनियादाई नावाचं गाव आहे, आकार्नानियात अथेन्सच्या विरोधात उभं राहिलेलं. पण हिवाळ्यात अखेलोस त्या गावाभोवती पसरून तळी करून टाकतो. सैन्य जाईल कुठून? फोर्मिओ माघारी जहाजांकडे वळतो. नदीला चीत केल्याची गोष्ट ज्या शहरात भांड्यांवर रंगवली जात होती, त्या शहराचं सैन्य नदीने अडवलं.

ही हकीकत थ्युसिडिडीसची. युद्धाच्या इतिहासात हा कोरडा माणूस इथे थांबतो आणि चक्क गाळाबद्दल लिहितो. नदीच्या मुखासमोर एखिनादेस नावाची बेटं आहेत. नदी इतका गाळ आणते की काही बेटं किनाऱ्याला जोडली गेली आहेत, उरलेलीही लवकरच जोडली जातील असा त्याचा अंदाज. हिरोडोटसनेही तेच पाहिलं होतं: निम्मी बेटं नदीने मुख्य भूमीला जोडली, असं तो लिहून गेला. आणि मग थ्युसिडिडीस अल्कमेओनची गोष्ट सांगतो. आईचा खून करून तो वेड्यासारखा भटकत होता, कुठलीच भूमी त्याला विसावा देईना. अपोलोचा कौल असा पडला: तू आईला मारलंस तेव्हा जी जमीन अस्तित्वातच नव्हती, सूर्याने पाहिली नव्हती, तिथे जाऊन राहा. अल्कमेओनला ती जमीन अखेलोसच्या मुखाशी मिळाली. नवी मळई, कुणाच्याही पापाची साक्षीदार नसलेली.

बैल, सर्प, बैलमुखी माणूस हे सगळं मी एका पारड्यात टाकीन आणि दुसऱ्यात ही एक गोष्ट. जुन्या जमिनीने नाकारलेल्या माणसासाठी नवी जमीन आणून टाकणारी नदी! हे दृश्य रंगवलेलं एकही प्रसिद्ध भांडं मला माहीत नाही. चित्रकारांना झुंज दिसली. गाळ साठणं दिसायला फार हळू असतं.

पण अथेन्सच्या बायकांना ते दिसलं होतं. आणखी ३० वर्षं पुढे, इ.स.पू. ४००च्या सुमाराला, फालेरोनच्या किनाऱ्याजवळ या. ४०४मध्ये अथेन्स युद्ध हरलं आहे, बंदरापर्यंतच्या लांब भिंती विजेत्यांनी पाडायला लावल्या. केफिसोस ही छोटी स्थानिक नदी इथे समुद्राला मिळते, आणि तिच्या काठी चुनखडीच्या उंच खांबावर एक संगमरवरी शिल्प उभं आहे. ते झेनोक्रातेया नावाच्या बाईने उभारलं.

शिल्पाखालचा मजकूर वाचा. ती स्वतःची ओळख झेनियादेसची मुलगी आणि झेनियादेसची आई अशी करून देते. वडिलांचं आणि मुलाचं नाव एकच. नवऱ्याचं नाव कुठेच नाही. केफिसोसचं हे देवस्थान आपण स्थापलं, मुलाच्या शिक्षणासाठी हे दान दिलं, आणि ज्याचं कल्याण होईल त्याने इथे येऊन नैवेद्य द्यावा, असं तिने लिहवून घेतलं आहे.

आता वर पाहा. देवदेवतांची एवढी दाटी की पुढचे-मागचे एकमेकांत मिसळले आहेत. मधोमध एक बाई, आणि तिच्यापुढे गुडघ्याएवढं पोर. पोराने हात वर केला आहे. समोरचा देव, अभ्यासक त्याला केफिसोस मानतात, किंचित पुढे झुकला आहे, जसा कुणीही मोठा माणूस बोलावणाऱ्या लेकराकडे झुकतो. अख्ख्या शिल्पातला तो सगळ्यांत लहान हात आहे.

उजव्या टोकाला, गर्दीच्या कडेला, माणसाच्या तोंडाचा एक बैल उभा आहे. सिसिलीतल्या गेला शहराच्या चांदीच्या नाण्यांवर असाच बैल तिथल्या नदीसाठी येतो. एकट्या आकारावरून तो कोणती नदी हे ठरत नाही. पण इथे जवळच दुसरा दगड सापडला आहे, देवांच्या नावांचा: हेस्तिया, केफिसोस, अपोलो, लेतो, बाळंतिणीची आर्टेमिस, एइलेइथिया, अखेलोस, काल्लिरोए, बाळंतपण राखणाऱ्या जलदेवता. सुईणींच्या या मेळ्यात तो आहे. डोंगरापलीकडच्या, अथेन्सच्या बायकांनी कधी न पाहिलेल्या नदीचा देव इथे कशासाठी? कारण अखेलोस हे सगळ्या गोड्या पाण्याचं नाव झालं होतं. नद्या मुलं वाढवतात, अशी ग्रीकांची श्रद्धा. वयात येणारी मुलं आपले केस कापून नदीला देत. आखिलीसने आपली बट घरच्या स्पेर्खेइओस नदीसाठी राखली होती. आपल्याकडचं जावळ आठवेल तुम्हाला.

या बैलाचं शिंग कुणी धरलेलं नाही. तो लढतही नाही. तो फक्त हजर आहे. अथेन्सच्या आसपासच्या डोंगरांतल्या जलदेवतांच्या गुहांमध्ये जी छोटी शिल्पं वाहिली जात, त्यांतही हेच: हेर्मेस पुढे, त्यामागे तीन देवता हातात हात घालून, आणि चौकटीच्या कडेला खडकातून बाहेर आल्यासारखा अखेलोसचा नुसता चेहरा. बाजारात ज्याचा पराभव विकला जात होता, त्याच्याकडे घरातली बाई मुलाचं आयुष्य मागत होती. ग्रीक लोकांना यात काही विसंगती वाटली नाही, आणि मला त्या लोकांबद्दल जिव्हाळा वाटायचं हे एक मोठं कारण आहे.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमाराला, रोमन अमलात, स्ट्राबो हा भूगोलकार गोष्टीचा उलगडा करतो. पाण्याची डरकाळी आणि वळणं, त्या वळणांना लोक शिंगं म्हणत, म्हणून बैल. लांबी आणि नागमोडीपणा, म्हणून सर्प. मुखाजवळची सगळी जमीन नदीच्या पुरात पुन्हा पुन्हा बदले, हद्दीच्या खुणा पुसल्या जात, आणि एटोलिया व आकार्नानियाचे लोक त्यावरून लढत. हेराक्लीसने म्हणे बांध घातले, पाट काढले, जमीन कोरडी केली, आणि तीच पिकाऊ जमीन म्हणजे ते मोडलेलं शिंग, समृद्धीचं शिंग. हा उलगडा हुशार आहे आणि त्यात शेतकऱ्याचा अनुभव आहे.

रोमन कवी ओविदने मात्र देवालाच बोलतं केलं. त्याचा अखेलोस पूर आल्यामुळे अडकून पडलेल्या थेसेउसला जेवू घालतो, आपली हार स्वतः सांगतो, आणि मोडक्या शिंगाची जागा बोरू-वाळुंजाच्या पानांखाली झाकतो. १६१५च्या सुमाराला अँटवर्पमध्ये रुबेन्स आणि यान ब्रुगेल यांनी तो प्रसंग एका लाकडी फळीवर रंगवला: माणसं रुबेन्सची, शिंपले-मासे-फळं ब्रुगेलची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये ते चित्र आहे. चित्र देखणं आहे, पण ओल्टोसच्या बैल-सर्पाचा त्यात मागमूस नाही. रोमनांनी नदीदेवाला लोडाला टेकलेला म्हातारा केलं, आणि युरोपने तोच पुढची शतकं गिरवला. मला ती घट वाटते.

शेवटी आजच्या दिवसात उतरा. ओइनियादाईच्या टेकडीवर. फोर्मिओला जिथे पोचता आलं नाही, तिथे आता पायवाटेने जाता येतं. खाली खडकात कोरून काढलेल्या जहाजांच्या पडव्या आहेत. युद्धनौका पाण्यातून ओढून इथे वर घेत. खडकातला उतार अजून तसाच आहे. तो जिथे संपतो तिथे गवत, पुढे शेतं, पाट, आणि समुद्र कित्येक किलोमीटर दूर. ही सगळी जमीन अखेलोसने आणून टाकली. मैदानात मधूनच उठलेल्या खडकाळ टेकड्या दिसतात, त्यांतल्या काही एके काळी एखिनादेसमधली बेटं होती. थ्युसिडिडीसचा अंदाज निम्मा खरा ठरला: उरलेली बेटं अजून समुद्रातच आहेत. आणि आता ती जोडली जाणंही कठीण, कारण वरच्या अंगाला क्रेमास्ता, कास्त्राकी आणि स्ट्राटोसची धरणं गाळ अडवून बसली आहेत.

हेराक्लीसचं काम पुढे चालूच आहे. पूर्वेकडच्या थेस्सालीच्या मैदानाला पाणी कमी पडतं, म्हणून अखेलोसचा वरचा प्रवाह बोगद्याने तिकडे वळवायची योजना काही दशकं मांडली जाते आहे. काठावरची गावं आणि पर्यावरणवाले विरोधात, थेस्सालीचे शेतकरी बाजूने. ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पुन्हा पुन्हा अडवली, २०१४मध्येही अडवली. मेसोखोराचं धरण त्याआधीच बांधून झालं होतं. पण एक शिंग मोडलं आहे. टावरोपोस ही अखेलोसची उपनदी. १९५९मध्ये तिच्यावर धरण पुरं झालं, मागे प्लास्तिरास सरोवर भरलं, आणि ते पाणी आता डोंगराच्या पोटातून पूर्वेला जातं, वीज करतं, कार्दित्साच्या शेतांत खेळतं. स्ट्राबोने सांगितलं होतं तसंच: बांध, पाट, आणि पिकाऊ जमीन. बाकीचा देव अजून पश्चिमेलाच वाहतो आहे, आयोनियन समुद्राकडे.